मागच्या पायाचे चार सांधे

संग्रहालयातल्या कीटकांच्या खोलीत बाईंनी तीस वर्षं भुंगेरे ओळखण्यात घालवली होती. एकेका भुंगेऱ्यावर त्या आठवडा आठवडा घालवत. मेलेल्या किड्याला कसली घाई असते म्हणा!

त्या दुपारी मात्र धाकट्या बहिणीचा नवरा धापा टाकत आला आणि त्याने टेबलावर काडेपेटी ठेवली.

“ताई, छकुलीनं अंगणातला भुंगेरा चावून खाल्ला. तोंडातून एवढंच निघालं. विषारी असेल तर डॉक्टर म्हणतात, आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात हलवा. पण चार तासांचा रस्ता आहे, आणि उलट्या करून पोर पार गळून गेलीय.”

बाईंनी काडेपेटी उघडली. आत भुंगेऱ्याच्या पोटाचा एक तुकडा होता आणि त्याला लटकलेला मागचा पाय. दोन वर्षांच्या भाचीचा जीव त्या पायाला टांगलेला होता.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पावलाचे सांधे मोजले. जमिनीवर धावणाऱ्या साध्या भुंगेऱ्याला मागच्या पावलात पाच असतात. अंगावर फोड आणणाऱ्या विषारी भुंगेऱ्याला चारच. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजले, तरी चारच.

“हलवा तिला!” त्या ओरडल्या. तो घरी फोन लावत जिन्याकडे पळाला.

मग त्यांनी डोळा पुन्हा भिंगाला लावला. चौथ्या सांध्याला नख्याच नव्हत्या. नख्या नेहमी शेवटच्या सांध्याला असतात. म्हणजे शेवटचा सांधा तुटून गेला होता, आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही ती चूक त्या करून बसल्या होत्या. भीतीने माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी.

पण खरंच तुटला होता, की त्यांना तसं हवं होतं? त्यांनी चिमट्याने पाय उलटा केला. मांडीच्या मुळाशी अगदी घेवड्याच्या दाण्यासारखा दिसणारा इवलासा फुगीर तुकडा होता. साध्या भुंगेऱ्याची ही खूण. विषारी भुंगेऱ्याला असा तुकडा नसतो.

त्यांनी बहिणीला फोन लावला. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता.

“नेऊ नकोस तिला. माझं चुकलं. साधा भुंगेरा आहे. तोंड चुरचुरेल, उलट्या होतील, पण जिवावर बेतणार नाही.”

“ताई, पाच मिनिटांपूर्वी विषारी होता ना?”

“मी घाबरून घाईत मोजलं.”

“आणि आता घाबरली नाहीस? तुझी भाची आहे म्हणून तुला तसं दिसत नाहीये ना?”

मुळाशी असलेला तो तुकडा अजून भिंगाखाली होता. बाईंनी तो पुन्हा एकदा पाहिला.

“जे आहे तेच सांगतेय,” त्या म्हणाल्या.

फोनमधून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग ती थांबली.

“उतरवतेय तिला,” बहीण म्हणाली. “तू आत्ताच्या आत्ता इकडे ये. आणि ती खेळायला लागेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून हलायचं नाही.”