अंगारनाथाची चांदी, सुगनचंदांचे खडे

साक्रीच्या आठवडे बाजारात त्या दिवशी भाजीला गिऱ्हाईक नव्हतं. अख्खा बाजार अंगारनाथ महाराजांच्या मांडवात शिरला होता. मांडवाच्या मधोमध धगधगती शेगडी, शेगडीवर धातू वितळवायची मूस आणि मुशीत दगडी कोळशाचा चुरा. महाराजांनी भगव्या जाकिटाला माईक अडकवला होता. हातातल्या लोखंडी सळईने ते मूस ढवळत होते आणि तोंडाचा पट्टा त्याहून जोरात चालवत होते.

"धरणीमायच्या पोटात कोळसा! कोळशाच्या पोटात धातू! माणसाच्या पोटात पित्त, पित्ताच्या पोटात खडा! ज्याला धरणीच्या पोटातलं काढता येतं, त्याला तुमच्या पोटातलं काय जड?"

एवढं बोलून त्यांनी मूस फरशीवर उपडी केली. राखेबरोबर एक पांढराशुभ्र, चमकदार थेंब ओघळला आणि थिजून त्याची चकती झाली.

"देखा, देखा! कोयसामाईन चांदी निंघनी!" पुढे बसलेला लोटन ओरडला. "मी मन्हा डोयाघाई देखं! बठ्ठं खरं शे!"

मांडव जयजयकाराने दणाणला. टाळ्या न वाजवणारी एकटी चेलना होती. ती तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. कोळशाच्या राखेत धातूंचे अंश असतात हे तिला ठाऊक होतं, पण ते वेगळे काढायला कारखाने लागतात. शेगडीवर दोन भजनं होईपर्यंत चांदी गाळणारा हा शास्त्रज्ञ साक्रीच्या बाजारात काय करत होता, हे तिला कळेना.

पण तिचं लक्ष होतं पुढच्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांकडे, सुगनचंदांकडे. त्यांच्या डोळ्यांत हळद उतरली होती.

सुगनचंदांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांचं पित्ताशय पूर्वीच काढलेलं. तरी मागच्या वर्षी पित्तनलिकेत खडा अडकला, तो धुळ्याच्या डॉ. कामिनींनी दुर्बिणीतून काढला. आता पुन्हा पोट दुखू लागलं, लघवी गडद झाली. डॉक्टरांनी फोनवरच ताबडतोब बोलावलं होतं. सुगनचंद अडून बसले होते. "काढलेला खडा परत येतो, तर त्या बाईंनी काढलं काय?"

नेमका हाच प्रश्न त्यांनी महाराजांना विचारला. महाराजांना तेवढंच हवं होतं.

"शेठ, डॉक्टर फळ तोडतो. मी झाड मुळासकट उपटतो! आपला खाणमोक्ष काढा घ्या. परत खडा झाला तर नाव बदलीन!"

नाव त्यांनी आधी कितीदा बदललं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

महाराजांनी दिलेली ती चकती गळ्यात बांधून आणि काढ्याची बाटली घेऊन सुगनचंद घरी आले. काढ्यात गोडेतेल, लिंबाचा रस आणि जुलाबाचं मीठ होतं. चेलनाने वासावरून आणि चवीवरून ते ओळखलं. रात्री काढा पोटात गेला आणि सकाळी बोराएवढे हिरवट खडे बाहेर पडले. सासूबाई लाडकुंवर यांनी गल्लीत पेढे वाटले.

"बाबूजी, पित्तनलिका बोटापेक्षा बारीक असते," चेलना म्हणाली. "एवढाले ढीगभर खडे त्यातून आले कसे?"

"महाराजांच्या कृपेने," सुगनचंद म्हणाले. डोळे कालच्यापेक्षा पिवळे होते.

चेलनाने नाक दाबून एक खडा धुतला आणि गरम पाण्यात टाकला. तो तरंगला, मग विरघळून पाण्यावर तेलाचे डोळे जमले. हा खडा नव्हताच. तेल आणि लिंबाचा पोटातच तयार झालेला, साबणासारखा गोळा होता. तिने सांगून पाहिलं. कुणी ऐकेना. मग ती नवऱ्याकडे वळली.

"तरुण, आज रात्री हा काढा तुम्ही प्या."

"मी? मला काय झालंय?"

"काहीच नाही. म्हणूनच प्या. आधी सोनोग्राफी करून घेऊ."

सोनोग्राफीत तरुणच्या पोटात खड्याचा कणही नव्हता. दुसऱ्या सकाळी मात्र बिचारा तीनदा धावला आणि वडिलांपेक्षा सरस खडे घेऊन आला.

"बाबूजी, मलाही झाले," तो म्हणाला. "माझ्यात खडा नव्हता, तरी झाले. पेढे आणू?"

लाडकुंवर चेहरा वळवून हसू लागल्या. सुगनचंदांना हसू आलं नाही. त्यांना हुडहुडी भरली होती. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. मांडवात फोन केला, तर महाराजांचा चेला म्हणाला, "उष्णता बाहेर पडतेय, शेठना हलवू नका." तोवर सुगनचंद भलतंच बोलू लागले होते. तरुणने फोन ठेवला, वडिलांना उचललं आणि गाडी सरळ धुळ्याला नेली.

"नलिका खड्याने बंद झालीय आणि आत पू झालाय," डॉ. कामिनी म्हणाल्या. "आणखी एक दिवस घालवला असता तर हाती काही लागलं नसतं."

दुर्बीण घालून त्यांनी वाट मोकळी केली. काढलेला खडा तपकिरी होता, पाण्यात बुडणारा. ताप उतरायला चार दिवस गेले. ते चार दिवस लाडकुंवर दवाखान्याच्या बाकावरून उठल्या नाहीत.

सुगनचंद उठून बसल्यावर चेलनाने ती चकती त्यांच्या हातात दिली. "बाबूजी, तुमचा जन्म भांड्यांत गेला. ही काय आहे, तुम्हीच सांगा."

त्यांनी ती कानाजवळ धरून वाकवली. कुरकुर आवाज आला. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"कथील! कल्हईचं कथील! चांदी अशी कुरकुरत नाही. मी हे गळ्यात घालून मरायला निघालो होतो?"

पुढच्या बाजारच्या दिवशी महाराज पुन्हा शेगडी पेटवून बसले. चेलना दुकानातलं लोखंडी उलथणं घेऊन थेट पुढे गेली.

"महाराज, आज याने ढवळा."

"बेटी, याला सिद्ध सळई लागते."

"मग सिद्धी तुमच्यात आहे की सळईत?"

मांडवात खसखस पिकली. महाराज चिडले. "नास्तिक बाई! तुझ्यामुळे धातू रुसेल!" पण लोक आता हटेनात. चमत्कार पुन्हा दिसेल या भरवशावर लोटननेच उलथणं त्यांच्या हातात कोंबलं. महाराजांनी ढवळ ढवळ ढवळलं, घामाने जाकीट भिजलं. मूस उपडी केली तर निव्वळ राख. तेवढ्यात लोटनने बाजूची सळई उचलली.

"हाई ते पोकय शे!"

त्याने ती दगडावर आपटली. टोकाचं काजळी लावलेलं मेण फुटलं आणि आतून करड्या धातूचे कण भुरूभुरू सांडले. कोळशाच्या पोटात धातू नव्हता. तो सळईच्या पोटात होता. आगीने मेण वितळायचं, कथील मुशीत उतरायचं. चेलनाने मग काढ्याचे खडे गरम पाण्यात टाकून सगळ्यांसमोर विरघळवले. लोटनची म्हातारी आई तोच काढा पीत होती. तो आईला दवाखान्यात न्यायला घराकडे पळाला. महाराज मागच्या कनातीतून निसटत होते. चेलनाने आधीच कळवून ठेवलेल्या पोलिसांनी त्यांना तिथेच धरलं.

सुगनचंदांना दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी लाडकुंवर यांनी डॉ. कामिनींना विचारलं, "आता परत खडा होणार नाही ना?"

"होऊ शकतो. काहींना पुन्हा पुन्हा होतो. तपासण्या चुकवू नका. डोळे पिवळे झाले किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी या."

लाडकुंवर खट्टू झाल्या. सुगनचंद मात्र चप्पल घालता घालता म्हणाले, "अगं, परत होणार नाही अशी छातीठोक हमी त्या भामट्याने दिली होती, आणि मी मरता मरता वाचलो. या बाई सांगतात, होऊ शकतो. हे ऐकायला वाईट वाटतं, पण खरं आहे."

हल्ली ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. दुखणं आलं तर तपासणी करा. डॉक्टरला हवे तेवढे प्रश्न विचारा. तो उत्तर देईल, नाहीतर माहीत नाही म्हणेल. पण साधा प्रश्न विचारल्यावर जो तुम्हाला नास्तिक म्हणून अंगावर येतो, त्याच्यासमोरून तिथल्या तिथे उठा आणि घरच्यांनाही हात धरून उठवा.