लाईट यायच्या आत

सकाळी सव्वादहाला लाईट गेली तेव्हा नम्रताने आधी पोरीकडे पाहिलं, मग माशांच्या टाकीकडे. गेला आठवडाभर तिची नजर अशीच फिरत होती. पोरगी, टाकी, पुन्हा पोरगी.

प्रतिक्षा नऊ महिन्यांची. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली, म्हणून ते नाव. नुकतीच रांगायला लागली होती आणि पेणच्या त्या दोन खोल्यांत तिला एकच जागा प्यारी होती, टाकीसमोरची फरशी.

टाकी निलेशची, नम्रताच्या नवऱ्याची. डोलवीला शिफ्ट करून आला की तासभर तो त्या खाऱ्या पाण्यासमोर गप्प बसायचा. नम्रताने कधी कुरकुर केली नव्हती. वरच्या टाकीतलं पाणी पाइपने खाली कपाटातल्या छोट्या टाकीत उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. लाईट गेली की पंप बंद, आणि उतरत्या पाइपात हवा भरायची. लाईट आली की पंप पूर्ण जोराने पाणी वर फेकायचा, पण पाइप आतली हवा बाहेर टाकेपर्यंत पाणी घ्यायचा नाही. तेवढ्या एका मिनिटात टाकी काठावरून वाहायची.

गेल्या बुधवारी तेच झालं होतं. नम्रता कुकर उतरवायला आत गेली होती. बाहेर येऊन पाहते तर पाणी फरशीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोचलेलं, आणि प्रतिक्षा त्या पाण्यात दोन्ही तळवे आपटत खिदळत बसलेली. तळवे आणि बोर्ड यांच्यात वीतभर अंतर. पोरीला काही झालं नाही. नम्रताला मात्र त्या रात्रीपासून डोळे मिटले की ते वीतभर अंतरच दिसायचं.

निलेशने बोर्ड उचलून कपाटात खिळ्याला टांगला. आणि रविवारी टाकीच्या कंट्रोलरला नवा प्रोग्रॅम दिला. पंपाने सुरू होताना आधी तीस टक्के, दोन मिनिटांनी साठ, मग शंभर. कंट्रोलरची पिन काढून, परत लावून त्याने दाखवलंही. पंप खरोखर दमादमाने वाढत गेला. "झालं? आता माझं डोकं नको खाऊ," तो हसत म्हणाला होता.

म्हणून आज "गेली लाईट," असं पुटपुटत तिने स्वतःला बजावलं, काही होणार नाही.

"अगो नम्रता, पंखा फिरतोय नि तू म्हनतेस लाईट गेली?" सासूबाईंनी विचारलं. पुतळीबाई दोन दिवसांसाठी जिते गावाहून नातीला बघायला आल्या होत्या.

"इन्व्हर्टरवर आहे ना तो, आई. पंखा, वायफाय आणि…"

ती बोलता बोलता थांबली. कपाटाच्या फटीतून कंट्रोलरचा हिरवा दिवा दिसत होता.

पंप बंद होता, कंट्रोलर मात्र चालू. लाईट गेली तरी पाण्याचं तापमान मोबाईलवर दिसावं म्हणून निलेशने तो इन्व्हर्टरला जोडला होता. म्हणजे लाईट गेली हे त्याला कळलंच नव्हतं. तो बंद पडला नव्हता, मग पहिल्यापासून सुरुवात कशाला करेल? त्याच्या लेखी पंप शंभरवरच चालला होता. लाईट आली की पंप सरळ शंभरनेच उठणार.

"आई, पोरीला उचला. खाली ठेवू नका."

"काय झाला गो? अशी पांढरी का पडलीस?"

"उचला आधी!"

पंपाची पिन काढावी म्हणून तिने कपाट उघडलं. पिन बोर्डाच्या मागच्या बाजूला, हात ओल्या पाइपांमधून घालावा लागणार. हात आत असतानाच लाईट आली तर? तिने हात मागे घेतला. निलेशचा फोन कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये. टाकी रोह्याच्या सुजयकडून घेतली होती, त्याला लावला.

"बोला वहिनी! मासा गेला का एखादा?"

"सुजयभाऊ, पंपाचा स्पीड हाताने कसा कमी करायचा? लवकर सांगा."

"निलेशला सांगा की, तो मोठा इंजिनिअर…"

"लाईट येईल हो कधीही! पोरगी आहे घरात!"

सुजयचा आवाज बदलला. "ॲप उघडा. रिटर्न पंप. ऑटो लिहिलंय तिथे मॅन्युअल करा."

घामाने बोट स्क्रीनवर चालेना. तिने ते गाऊनला पुसलं. मॅन्युअल. शंभरचा आकडा खाली ओढला तो साठवर अडला, मग बेचाळीस, मग तीस.

"सेव्ह दाबा. सेव्ह केल्याशिवाय घेत नाही तो."

तिने सेव्ह दाबलं आणि फ्रिज घरघरला. लाईट आली होती.

पंप उठला. काचेतलं पाणी चढू लागलं. काठाखाली चार बोटं, तीन बोटं. पाइप घशात अडकल्यासारखा घुटघुट करत होता. दोन बोटं. मग पाइपाने एक लांब ढेकर दिली आणि पाणी तिथेच थांबलं.

"थांबलं," ती फोनवर म्हणाली.

"साठ करा आता. घाई नको."

पुतळीबाई नातीला कडेवर घेऊन बघत होत्या. "मिठागरात पन आमी पानी येकदम नाय घेत. फळी बोटभर उचलायची, मग आनखी बोटभर. नायतर बांध जातो. ह्या तुझ्या मशीनला येवढी अक्कल नाय?"

"मशीनला आहे, आई. तुमच्या लेकाने त्याला चुकीच्या ठिकाणी जोडलंय."

"मंग बापावर गेलाय."

नम्रताला हसू आलं, पण टिकलं नाही. निलेश साडेतीनला येणार. तोवर लाईट पुन्हा गेली तर? तिने ॲपमध्ये मॅन्युअलचं पुन्हा ऑटो केलं, सेव्ह झालंय ना ते दोनदा पाहिलं. मघाशी घाईत न सुचलेला मेन स्विच आता पाडला, पायात रबरी चप्पल घातली, कंट्रोलरची पिन इन्व्हर्टरमधून काढून पंपाशेजारी साध्या लाईनवर लावली. सासूबाईंना पोरीसकट दाराबाहेरच्या ओट्यावर पाठवलं. पाइपात हवा भरावी म्हणून दहा मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली आणि मेन स्विच वर केला.

हिरवा दिवा विझलेला होता, तो आता लुकलुकत पेटला. तीस. दोन मिनिटांनी साठ. मग शंभर. फरशी कोरडी.

तिने वाकून फरशीवरून तळहात फिरवला. कोरडीच.

"आनू का गो पोरीला?" बाहेरून हाक आली. "ऊन लागतंय तिला."

"नको, आई. अजून एकदा बघते. सावलीत बसा जरा," नम्रता म्हणाली, आणि मेन स्विच पुन्हा खाली पाडला.