फाटकाची कडी

आमच्या पत्र्याच्या फाटकाच्या कडीला कायम एक चिंधी गुंडाळलेली असायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली ती हीच, की कडी वाजवायची नाही. भांडी आपटा, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या, नवरा-बायको भांडा, बाबांना कशाचं काही नाही. फक्त लोखंडावर लोखंड वाजता कामा नये. कॉलनीतला दूधवालासुद्धा बाहेरून "आरतीवैनी" अशी हाक मारतो. मी याला साहेबी तोरा म्हणायचे. माणूस नौदलातून निवृत्त होऊन अमरावतीत आला, समुद्र इथून शेकडो कोस लांब, तरी नखरे पाणबुडीतलेच.

बाबा म्हणजे माझे सासरे, जानराव वानखडे. एकाहत्तरच्या लढाईत पाणबुडीचे कमांडर होते. पदक मिळालं, म्हणून पूर्वी शाळा त्यांना झेंडावंदनाला बोलवायच्या. पोरांना ऐकायचं असे, किती जहाजं बुडवली. बाबा सांगायचे डिझेलच्या वासाचं, बिनआंघोळीच्या दिवसांचं, आणि शत्रूचं जहाज डोक्यावरून जाताना पाण्याखाली खोकलासुद्धा कसा गिळायचा त्याचं. पोरं जांभया द्यायची. त्या लढाईत बाबांचा एकच माणूस गेला, कुर्बान. बाबांच्याच गावचा, मूर्तिजापूरचा. बाबांनीच त्याला मागे लागून नौदलात घातला होता.

कुर्बानची धाकटी बहीण कुलसुमबी दर वर्षी ईद झाली की शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्याकडे येते. बाबांसमोर बसते आणि एकच प्रश्न विचारते.

"भाऊसाब, त्याले तरास तं नाई झाला ना?"

बाबांचं उत्तरही ठरलेलं. "नाई बाई. धक्का बसला आन् गेला. त्याले समजलंबी नाई."

तेवढं ऐकलं की तिचा चेहरा निवतो. मग ती चहा घेते, माझ्या भाजीला नावं ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. एकदा मी न राहवून विचारलं, "कुलसुममावशी, दर वर्षी तेच ते काय विचारता?" तर म्हणाली, "माही माय याच एका गोष्टीवर सुखानं मेली, पोरी. मलेबी तेच पायजे." त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

यंदा मावशी यायच्या आदल्या संध्याकाळी रंगाऱ्यानं फाटक रंगवताना कडीची चिंधी काढून फेकली. मी मनात म्हटलं, गेली एकदाची पीडा. एरवी मावशी बडनेरा स्टेशनवर उतरली की फोन करते आणि मी आधीच फाटक उघडून उभी राहते. या वेळी तिचा मोबाइल बंद पडला होता. ती थेट ऑटोनं आली, आणि चार घरी वाजवतात तशी तिनं कडी वाजवली.

बाबा व्हरांड्यात पोहे खात होते. नव्वदीला टेकलेला माणूस, हल्ली कधी आजची तारीख विसरतो, कधी माझं नाव. कडीचा आवाज झाला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हातातला चमचा खुर्चीच्या लोखंडी दांडीवर सावकाश ठोकला. पुन्हा ठोकला. आत कोणीतरी आहे, येतंय, असं मावशीला वाटलं असणार. बाहेरची कडी थांबली.

"चूप झाला," बाबा म्हणाले. "पाह्य आरती, मी ठोकलं आन् चूप झाला. तवाबी असाच चूप झाला होता."

"कोण, बाबा?"

ते उठलेच होते. काठी न घेता पायऱ्या उतरून फाटकाकडे निघाले. मी मागे धावले. त्यांनी दोन्ही हातांनी कडी ओढली, ओला रंग तळव्यांना लागला, आणि फाटक उघडता उघडता ते बोलत होते, "उघडतो रे कुर्बान, उघडतो. गेलं ते जहाज. आता वाजव तू."

फाटकात कुलसुममावशी डबा घेऊन उभी होती. बाबांनी तिचा हात धरला. तिला ओळखून बोलत होते की भाऊ समजून, ते मला अजूनही सांगता येत नाही.

"मागच्या कप्प्यात पानी शिरलं. दार मीच बंद कराले लावलं. तू आत रायला. स्पॅनरनं दार ठोकून रायला होता. वर त्याईचं जहाज कान लावून उभं. आवाज गेला असता तं सारेच मेलो असतो. मंग मी दारावर ठोकलं, चूप राय म्हून. आपला ठरलेला इशाराच होता ना तो. आन् तू चूप झाला. मंग एक डावबी वाजवलं नाई. जहाज गेल्यावर दार उघडलं, तं..."

इतकी वर्षं मी ज्याला तोरा म्हणत होते, ते हे होतं. मला स्वतःची किळस आली.

मावशीनं डबा खाली ठेवला. "जिता होता?"

"व्हय."

"तुमी चूप राय म्हनलं, आन् तो रायला?"

"व्हय."

"माय लाकूड घेऊन मांगं लागे तरी चूप नाई बसे तो," ती म्हणाली. जणू बाबांची लबाडी आत्ता तिच्या हाती लागली होती. "मंग मले खोटं काहून सांगतलं, भाऊसाब?"

आता बाबांनी तिला नीट ओळखलं. "दर साली ठरवो, औंदा सांगीन. तू इचारे, आन् माह्या तोंडातून तेच निघे."

मावशी रडली नाही. ती वळली. मला वाटलं, आता ही जाते आणि परत या घराचं तोंड पाहणार नाही. पण तिनं फाटकाची कडी उचलली आणि पत्र्यावर हाणली. मग परत हाणली. आवाज साऱ्या कॉलनीत गेला, समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात तिला अडवायला पुढे गेला.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"वाजू दे," ते म्हणाले. "वर आता कोनी नाई."

ती वाजवत राहिली, आणि बाबा पत्र्याला कान लावून उभे राहिले.