समुद्राला निघालेली खोली

मी बोलतेय, मुरुमच्या अण्णारावांच्या गोठ्याशेजारी उभी असलेली दोन चाकांची खोली. जरा हळूच बोलते, मोठ्यानं बोलायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

माझा जन्म सोमलिंग वेल्डरच्या दुकानातला. जीपमागं ओढायचा एक जुना ट्रेलर, त्यावर पत्र्याची पेटी, आत दोघांपुरता पलंग, जाळीची खिडकी आणि मागचं झाकण उचललं की शेगडी. अण्णारावांनी असली गाडी मोबाईलवर पाहिली आणि मनावर घेतलं. त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, उभ्या संसारात एकच हट्ट धरला होता. "जन्मभर रांधलं, वाढलं. एकदा तरी जिथं मी कुणाची सून न्हाय, भावजय न्हाय, असल्या जागी निजायचंय मला."

अण्णाराव म्हणाले, "मग समुद्रावर जाऊ. आपल्याच गाडीत निजायचं. च्या मी करणार."

कस्तुराबाईंनी मला आतून स्वतः पुसून काढलं, उशांना नवे अभ्रे घातले. मला वाटलं, नशीब काढलं आपण.

भर मे महिन्यात निघालो. पण अण्णारावांनी आधीच घोळ घालून ठेवला होता. सगळ्या पाहुण्यांना फोन करून बसले होते. न सांगता गेलो तर रुसतील म्हणे! समुद्र राहिला एकीकडं आणि त्यांची बहीण ढोकीला, भलतीकडंच. तरी बहिणीचं मन मोडवेना, जीप ढोकीकडं वळली.

तिथं अंगणात कस्तुराबाईंनी माझ्या पायरीवर पाय ठेवला न ठेवला तोच नणंद ओरडली, "आगं, घर असताना गाडीत निजतीस व्हय? गाव काय म्हणंल आमाला?" झालं! त्यात उन्हाळा म्हणजे वाळवणाचे दिवस. "आलीच हाईस तर कुरडयाला हात लाव." हात लावता लावता आठवडा गेला. कुरडया माझ्या टपावर वाळल्या आणि पलंगावर परंड्याच्या पाहुण्यांसाठी ज्वारीची पोती चढली. भूमला चुलत दिराच्या घरी तीच तऱ्हा. तिथं पापड लाटून झाले, वर लोणच्याच्या बरण्या मिळाल्या. माणसं मायाळू, पण त्यांची माया मला ओढवेना. निजायची खोली होते, पार टेम्पो झाला माझा.

परंड्याच्या अलीकडं भर दुपारी माझा चाकावरचा, सगळा भार पेलणारा कमानपाटा तुटला. एका लिंबाखाली मी कलंडून थांबले.

अण्णारावांनी फोन काढला. "शिवशंकरला लावतो. तुझा भाऊ ट्रॅक्टर घेऊन लगीच येईल."

"लावू नका."

"आगं, माहेर हाय तुझं!"

"व्हय, माहेरच. वहिनीनं गहू भिजू घातल्यात माझी वाट बघत." कस्तुराबाईंनी त्यांचा फोनवाला हात खाली केला. "लई दमले ओ. घटकाभर कुणालाच सांगू नका, आपण कुठं हाव ते."

अण्णारावांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी एकेक पोतं उतरवून लिंबाखाली ठेवलं. कस्तुराबाई आत आल्या, खिडकी उघडली, आडव्या झाल्या. पलंग तिरपा होता, तरी त्यांनी उशी डोक्याखाली ओढून घेतली. मागं शेगडीवर चहा उतू गेला. अण्णाराव कप घेऊन खिडकीशी आले, तर बायको गाढ झोपलेली. बिचाऱ्यांनी पोत्यावर बसून दोन्ही कप स्वतःच संपवले. फोन वाजला तो बंद केला. उन्हं कलेपर्यंत त्यांनी हाक मारली नाही. त्या दुपारी मला तो माणूस फार आवडला.

संध्याकाळी शिवशंकरला फोन लागलाच, ट्रॅक्टर आला. परंड्यात कुरडयाही झाल्या. मग पेरणी तोंडावर आली आणि आम्ही मुरुमला परतलो.

आता माझ्या पोटात पेंडीची पोती आहेत, पलंगाखाली कोंबडी अंडी घालते. शेजारणी विचारतात, "मग, समुद्र बघितला का?"

कस्तुराबाई म्हणतात, "न्हाय. पर निजले."

मला विकायचं घाटतंय. कोण नेईल ठाऊक नाही. बाबा रे, पोती भर, बरण्या भर, होईल तेवढं ओढीन. पण कधी वाटेत मोडून पडले आणि आत तुझी बायको निजलेली असेल, तर फोन काढायची घाई करू नकोस.