दाब. बोल. सोड.

सोमवारपासून आमच्या क्रेनची केबिन बोलण्यानं वर जाते. मी वॉकीटॉकीच्या सेटवर एक शब्द बोललो की ती एक मजला चढते, आणि खालून कुणी सेटवर 'खाली' म्हटलं की एक मजला उतरते. साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मग कमी बोला."

मला त्याचं काही वाटलं नाही. वॉकीटॉकी कशी वापरायची हे साइटवर सगळ्यांना मीच शिकवलंय. बटण दाबायचं, दम धरायचा, बोलायचं, सोडायचं. दाबून ठेवलं की दुसऱ्याचं तोंड बंद. आणि आधी आवाज तपासायचा, मग हुकूम द्यायचा. ही रीत मी सख्ख्या बापासाठीही मोडणार नाही.

खाली माझा मेहुणा सुदाम सिग्नल देतो. आज तो सळयांचा भारा हुकाला अडकवत होता आणि मी वर एकटाच बडबडत होतो. चहा गार, साहेब अडाणी, ऊन फार. शहर लहान लहान होत गेलं. सुदामचा आवाज येईना, तेव्हा नियमाप्रमाणे मी हात थांबवला आणि वाकून पाहिलं. तो भाऱ्याच्या साखळीला लोंबकळत होता आणि एका हातानं स्वतःच्या ढुंगणावर थापट्या मारत होता.

मी उठलो. सेट माझ्याच बुडाखाली होता, बटण दाबलेलं.

सुदामचा सेट निसटून कधीच वाळूच्या ढिगावर पडला होता. हूक उतरवावा तर दोर संपलेला. "दाजी, हात सुटतोय!" तो ओरडला.

तेवढ्यात फाटकातून सरू आली. माझी बायको, सुदामची थोरली बहीण, आम्हा दोघांचा डबा घेऊन. कितीही उंचावरून तिची चाल मी ओळखतो. तिनं वाळूतून सेट उचलला आणि आमच्याकडे मान वर करून पाहिलं. आता काळजी नव्हती. एक शब्द सांगितला की शंभरदा म्हणणारी बाई आहे ती. पण आधी आवाज.

मी बटण दाबलं, दम धरला. "सरू. दाब. बोल. सोड."

चार मजले चढलो. एक घार आमच्या खालून गेली.

सेट खरखरला. "अहो," सरू म्हणाली, "काय बोलू?"

आवाज अगदी स्वच्छ होता. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "खाली." केबिन हलली नाही. शब्द गेलाच नव्हता. सेटमधून तिचा श्वास येत राहिला, डब्याच्या कडीचा आवाज, वाळूवरच्या चिमण्या. मी पुन्हा दाबलं. सुदाम आता एकाच हातानं धरून होता, आणि तो हात त्यानं माझ्याकडे पाहत बदलला.

"बोला की," सरू म्हणाली. "घाबरू नका, मी घट्ट धरून ठेवलंय."