पहिली दहा अक्षरं

अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात रिअॅक्टर, म्हणजे रसायनं तापवायची टाकी, उतू गेला आणि तो चालवणाऱ्या शिवरामकाकांचा उजवा हात भाजला. चौथ्या दिवशी त्यांच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं : तापमान नोंदवलं नाही.

कॉम्प्युटर विभागातली यशोधरा त्यांना भेटायला सोनिवलीला त्यांच्या घरी गेली.

"नोंदवलं होतं गं," काका म्हणाले. "एकशे अठरा. माल नवा, मर्यादा मला पाठ नव्हती. आकडा जास्त झाला की कॉम्प्युटर बोंबलतो, तर तो गप्प. मला वाटलं, चालत असेल." मग हाताच्या पट्टीकडे बघत म्हणाले, "का टाकलाच नव्हता मी, कोण जाणे."

यशोधराचं डोकं फिरलं ते या शेवटच्या वाक्याने.

कारखान्याचा जुना प्रोग्राम प्रत्येक आकडा एका नावाखाली ठेवायचा, पण त्या नावाची पहिली दहाच अक्षरं वाचायचा. त्यामुळे तो लिहिणाऱ्याने तापमानाला एकीकडे 'reactortemp' म्हटलं काय आणि दुसरीकडे 'reactortemperature' म्हटलं काय, त्याच्या लेखी दोन्ही एकच. गेल्या महिन्यात आलेल्या नव्या प्रोग्राममध्ये नावं तीच राहिली, पण तो पूर्ण नाव वाचत होता. त्याच्यासाठी ही दोन वेगळी नावं. काकांचा आकडा एका नावात जात होता आणि धोक्याची तपासणी दुसऱ्या नावाची होत होती. तिथे कायम शून्य, आणि अहवालातही तोच शून्य छापला जात होता.

नवा प्रोग्राम सुरू करण्याआधी सगळी नावं तपासायला तिने दोन आठवडे मागितले होते. विभागप्रमुख प्रमोद साहेब म्हणाले होते, "चालतंय ना? मग चालू दे."

दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्यासमोर कॉम्प्युटरमध्ये आकडा टाकला. एकशे अठरा. शांतता. मग तीनशे. तरीही शांतता.

"वर बोलू नकोस," साहेब हळूच म्हणाले. "काकांचं पत्र गुपचूप मागे घ्यायला लावतो. तू आठवड्याभरात दुरुस्त कर."

"आणि तोवर?"

"कामगारांना लक्ष ठेवायला सांगू."

"त्या माणसाला स्वतःवर संशय यायला लागलाय, साहेब. गुपचूप काही नको."

ती थेट प्लांटमध्ये गेली. कुणाला न विचारता नवा प्रोग्राम बंद करून जुना चढवला. मग कॅन्टीनच्या फळ्यावर स्वतःच्या सहीने कागद लावला : शिवराम यांनी तापमान नोंदवलं होतं, चूक प्रोग्रामची होती, नावं न तपासता तो सुरू केला गेला.

तीन दिवसांनी दोन पत्रं निघाली. काकांना कामावर परत घेतल्याचं एक, आणि शिस्तभंगाबद्दल यशोधराला ताकीद देणारं दुसरं. तिने पोच म्हणून सही केली, पेन टेबलावर आपटलं आणि नावं तपासायला बसली. एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस नव्या प्रोग्रामला तिने प्लांटमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही, आणि साहेबांशी कामापलीकडे एक शब्द बोलली नाही.