काजाएवढी जखम

बाबांच्या पाठीवरची जखम शर्टाच्या काजाएवढी होती. मणक्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं. कंबरेची कळ थांबली होती आणि जन्मभर शिवणकाम केलेला माणूस सिस्टरना सांगत होता, "टाके बरे आहेत हो, पण मी जरा सरळ घातले असते."

"आजोबा, पाठीपर्यंत हात पोचला असता का?"

"तेवढंच अडलं बघा."

सिस्टर हसल्या. जाताना मला म्हणाल्या, "पायात काही वेगळं वाटलं की लगेच बेल दाबा."

चारच्या सुमारास बाबा म्हणाले, "डाव्या पायाला मुंग्या आल्यात गं."

बेल उशाशीच लटकत होती. पण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. तासन्‌तास मांडी घालून काजं करून झाली, की बाबा पाय पुढे करायचे आणि मी पोटऱ्या चोळायची. पाच मिनिटांत मुंग्या जायच्या. मला त्यात वेगळं काही वाटलंच नाही. मी पायथ्याशी बसले आणि चोळू लागले.

"बरं वाटतंय?"

"वाटेल. आता उजवा घे."

उजवा घेतला. सहा वाजता सिस्टरनी पायाचा अंगठा हलवायला सांगितला, तो हलला नाही. आत रक्त साचून नसांवर दाब आला होता. घाईघाईनं पुन्हा ऑपरेशन झालं.

"दोन तास आधी कळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. कोणाला कळलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पाय परत आले नाहीत. बाबा अंथरुणाला खिळले. शिलाई मशीनवर मी चादर टाकली. महिन्याभरानं एका संध्याकाळी मी धीर करून म्हणाले, "बाबा, मी बेल दाबायला हवी होती."

ते छताकडे बघत म्हणाले, "पाय चोळ जरा."

"पण तुम्हाला कळणार..."

"चोळ म्हटलं ना. वाद घालू नकोस."

मी चोळले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "हां. आता बरं वाटतंय."

नंतर रोज संध्याकाळी हेच. कंबरेखाली त्यांना सुई टोचलेलीही कळत नव्हती, पण 'बरं वाटतंय' एकदाही चुकलं नाही.

सातव्या महिन्यात, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या, ताप उतरेना. शेवटच्या संध्याकाळी मी आधी डावा घेतला, मग उजवा. बाबा काही बोलले नाहीत. मी पुन्हा डावा घेतला.